नवशिक्यांसाठी : तेलतज्ज्ञ कसे व्हावे

साहित्य : लिपिड प्रोफाइलचा एक ताजा रिपोर्ट (स्वतःचा नसल्यास नवऱ्याचा चालेल), फोनवर आलेले आणि एकमेकांना खोटे पाडणारे दोन-तीन व्हिडिओ, हाकेच्या अंतरावर एक लाकडी घाणा, आणि पंक्तीतून उठून जाऊ न शकणारे पाहुणे.

कृती : प्रथम घरातली तेलाची पिशवी हातात घेऊन त्यावरचे 'कोलेस्टेरॉल फ्री' मोठ्याने वाचावे. कोलेस्टेरॉल प्राणिजन्य पदार्थांतून येते. सूर्यफुलाच्या बाबतीत ही घोषणा 'या तेलात हाडे नाहीत' इतक्याच मोलाची आहे. पण हे इतक्यात कुणाला सांगू नये. पाहुण्यांसाठी काहीतरी राखून ठेवावे लागते.

मग पंथ निवडावा. करडईवाले सर्वांत जुने आणि सभ्य. त्यांच्या तेलात असंपृक्त मेद भरपूर असतो, त्यामुळे ते हळू आवाजात बोलले तरी चालते. खोबरेलवाल्यांना आवाज चढवावा लागतो, कारण त्यांच्या तेलात ८० टक्क्यांहून अधिक संपृक्त मेद असतो आणि तो रक्तातले वाईट कोलेस्टेरॉल वाढवतो. जवसवाले विदर्भाचा दाखला देतात आणि ओमेगा-३ म्हणून थांबतात. पुढे काही बोलायची गरज त्यांना वाटत नाही. 'आमचे आजोबा हेच तेल खाऊन नव्वद वर्षे जगले' हा पुरावा मात्र कोणत्याही पंथात चालतो. नव्वदीतले आजोबा प्रत्येक तेलाकडे असतात.

डालड्याच्या वंशावर खुशाल तुटून पडावे. १९३७ साली आलेल्या या वनस्पती तुपाने ट्रान्स फॅट घरोघर पोचवले. हा मेद वाईट कोलेस्टेरॉल वाढवतो आणि चांगले कमी करतो. २०२२ पासून तेला-तुपातल्या ट्रान्स फॅटवर २ टक्क्यांची मर्यादा आहे. तेलाच्या प्रांतात तुमचे आणि डॉक्टरांचे एकमत होण्याची ही दुर्मीळ जागा, ती वाया घालवू नये.

आता घाण्यावर जावे. तिथे डोळे मिटून दीर्घ श्वास घेण्याची प्रथा आहे, ती पाळावी. नंतर डोळे उघडून भाव विचारावा. शेंगदाण्यात जेमतेम निम्मे तेल, त्यातलेही थोडे पेंडीत राहते. म्हणजे किलोभर तेलाला दोन-अडीच किलो दाणे लागणार. पेंडीचे पैसे सुटतात, हे धरूनही तेल दाण्यांपेक्षा फारच स्वस्त पडत असेल, तर घाण्यात आणखी काय पडते ते अदबीने विचारावे. घाण्याचे तेल थोडेथोडेच आणावे. कौतुक करता करता ते खवट होते.

यापुढचा भाग एकट्याने, दार लावून करावा. कागद-पेन्सिल घ्यावी. चार माणसांच्या घरात महिन्याला पाच लिटरचा कॅन संपतो असे धरू. वजन सुमारे साडेचार किलो. भागाकार केला की माणशी रोज ३८ ग्रॅमच्या आसपास येते. बैठे काम करणाऱ्याला हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या हिशेबाने २० ते २५ ग्रॅम पुरतात. शिवाय बाहेरच्या मिसळीवरचा तवंग आणि ऑफिसातले बटाटेवडे या भागाकारात धरलेलेच नाहीत. तेल घाण्याचे असो, ऑलिव्हचे असो की पामचे, एका ग्रॅमला ९ कॅलरी ठरलेल्या. त्यात पंथ नाही. हा कागद पंक्तीत काढू नये. 'कोणते तेल' या प्रश्नावर संध्याकाळ रंगते; 'किती तेल' विचारले की यजमानीणबाई पळी घेऊन स्वयंपाकघरात निघून जातात आणि तज्ज्ञाला पुढची पुरी मिळत नाही.

टीप : दिवाळीच्या चकल्यांचे उरलेले तेल गार झाल्यावर गाळून झाकून ठेवावे आणि एक-दोन दिवसांत फोडणीला संपवावे. ते काळपट-चिकट झाले, त्यावर फेस राहू लागला किंवा तापवताना लवकर धूर निघाला, तर टाकावे. बेसिनमध्ये ओतू नये, नळी तुंबते. जुन्या डब्यात भरून, झाकण लावून कचऱ्यात द्यावे, आणि त्या वेळी घरातली ज्येष्ठ मंडळी दुपारची झोपली आहेत ना, एवढे पाहून घ्यावे.