रोही, रानडुक्कर आणि एफ सेव्हन

सेमी-हॉलो गिटार गावात आणणाऱ्याने ती नेमकी काय आहे हे सांगायची तयारी ठेवावी. मी ठेवली नव्हती. खोका उघडला तेव्हा ओसरीवर जमलेल्यांत आमचे सुतारमामा होते. त्यांनी गिटार उलटी करून टिचकीने ठोकली, कडेला पोकळ आणि मध्ये भरीव असा आवाज ऐकला, एफ अक्षरासारख्या छिद्रांतून आत डोकावले आणि म्हणाले, "लाकूड वाचवलं याईनं. मधात ओंडका टाकला न् बाजूनं हवा भरली. केवढ्याले पडली?" मी किंमत निम्मी करून सांगितली. तरी ते मटकन खाली बसले.

खरं तर मामांचं निदान अचूक होतं. 1958 साली गिब्सन कंपनीने ईएस-335 नावाची गिटार काढली. तिचं अंग पातळ आणि पोकळ, पण पोटातून मेपलचा भरीव ठोकळा उभा गेलेला. पूर्ण पोकळ गिटारचा आवाज गोड, पण आवाज वाढवला की ती स्वतःच ओरडू लागते. भरीव गिटार ओरडत नाही, पण तिच्यात ती ऊबही नसते. म्हणून हा मधला मार्ग. माझी गिटार गिब्सन नव्हे. तिच्या नकलेची नक्कल म्हणा, आणि त्या नकलेत ठोकळा टाकताना कोणीतरी हात आखडता घेतला असावा. त्याचे परिणाम पुढे येतील.

जॅझ-ब्लूज मी फोनवर शिकलो. शिकवणारे बरेच आणि सगळे एकदम, त्यामुळे जे आधी शिकायचं ते राहून गेलं. माणूस आधी सा लावतो. मी आधी एफ थर्टीन लावला, कारण त्याचा आकार हातात फार रुबाबदार दिसत होता. त्या आकारातून बाहेर कसं पडायचं हे बरेच दिवस माहीत नव्हतं, म्हणून मी त्यातच राहत असे. आमची माय आतून विचारायची, "मोटर अडकली का रे?"

मग ब्लूजची पाच सुरांची मालिका हाती लागली. सा, कोमल ग, म, प, कोमल नी. सातासमुद्रापलीकडचं रहस्य सापडल्याच्या थाटात ती मी भजनी मंडळाच्या पेटीवाल्या भाऊंना ऐकवली. भाऊंनी पेटीचा भाता न थांबवता तेच पाच सूर वाजवून दाखवले आणि म्हणाले, "धानी हाये." मी म्हणालो, ब्लूजवाले मध्ये एक तीव्र म पण घालतात. "घालू दे," भाऊ म्हणाले. चर्चा संपली.

घरात मात्र एवढ्यावर भागेना. इतका वेळ या लाकडावर का घालवतोस याला सबळ कारण हवं होतं, म्हणून मी इतिहास काढला. मिसिसिपीच्या काळ्या जमिनीत कापूस वेचणाऱ्या माणसांनी हे संगीत घडवलं. मडी वॉटर्स स्टोव्हॉलच्या कापूस-मळ्यावर ट्रॅक्टर चालवायचा, बी. बी. किंग इंडियानोलाजवळ तेच काम करायचा. आणि 1861 ते 1865 या काळात तिकडे यादवी पेटली, अमेरिकेचा कापूस लँकेशरच्या गिरण्यांना मिळेना, तेव्हा त्यांची नजर आपल्या वऱ्हाडावर पडली. भाव चढले, जो तो पऱ्हाटी लावू लागला. लढाई संपली तसे भाव पडले. तरी इथला कापूस मुंबईला नेण्यासाठी 1870 मध्ये जलंब ते खामगाव आगगाडीचा फाटा निघाला. म्हणजे त्यांच्या बोंडाचं आणि आपल्या बोंडाचं नातं दीडशे वर्षांचं, आणि हे गाणं आपल्यालाही लागू पडतं.

बायकोने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "मंग चाला, उद्या कापूस येचाले. गाणं आपोआप येईन."

गेलो. बोंडाच्या टोकांनी बोटं फाटली आणि आठवडाभर तार दाबता आली नाही. गाणं आलं नाही. कापसाचा भाव तर त्याहून आला नाही, आणि ब्लूजला लागणारी मनःस्थिती मात्र विनासायास मिळाली.

आधार होता तो वेस माँटगोमेरीचा. हा इंडियानापोलिसचा माणूस, दिवसा कारखान्यात नोकरी, रात्री गिटार. नोटेशन वाचता येत नव्हतं, चार्ली ख्रिश्चनच्या रेकॉर्ड ऐकून ऐकून शिकला. शेजाऱ्यांची झोपमोड होऊ नये म्हणून पिक सोडून अंगठ्याने वाजवू लागला असं सांगतात, आणि त्याच अंगठ्याने पुढे जॅझ गिटारचा आवाज बदलला. मीही पिक सोडलं. शेजारचे गुरुजी दुसऱ्या दिवशी म्हणाले, "काल बरं वाटलं. ऐकू आलं नाही."

आमच्या भागात जॅझ अगदीच परकं आहे असं मात्र समजू नका. सी. रामचंद्रांनी 'अलबेला'साठी चिक चॉकलेट या गोव्याच्या जॅझ ट्रम्पेटवाल्याला साथीला घेतलं ते 1951 साली. भगवानदादांचा नाच आठवणारे म्हातारे आजही गावोगाव भेटतात. स्विंग त्यांच्या पायांत आहे, फक्त नाव माहीत नाही. मुंबईत 1978 पासून 'जॅझ यात्रा' भरू लागली, देशोदेशीचे वादक येऊन गेले. आमच्या सोनाळ्यात यात्रा म्हटलं की सोनाजी महाराजांची. तिथे रोडगे मिळतात, आणि माझ्या मते या एका मुद्द्यावर आमची यात्रा वरचढ ठरते.

गिटारने जाहीररीत्या तोंड उघडलं ते कोजागरीच्या रात्री. मंडळाचा अँप्लिफायर होता, भजनांच्या मध्ये मला एक जागा दिली होती. मी केबल लावली, आवाज वाढवला आणि ऐटीत हात तारांवरून उचलला. गिटार थांबली नाही. स्पीकरचा आवाज तिच्या पोकळ पोटात शिरला, तारा हलल्या, पिकअपने ते स्पीकरला कळवलं, स्पीकरने पुन्हा पोटाला. असा हुंकार सुरू झाला की मागच्या रांगेतली पोरं सातपुड्याकडे बघू लागली. अंबाबरवाचं जंगल इथून जवळ आणि अस्वलांची आम्हाला सवय आहे, पण अस्वल मंडपात शिरल्याचं कोणी ऐकलं नव्हतं. एका आजीने हात जोडले. कोणाला ते कळलं नाही.

यावर उपाय खुद्द बी. बी. किंगचा. तो छिद्रांत फडकी कोंबायचा, आणि 1980 मध्ये त्याच्या नावाची 'ल्युसिल' गिटार निघाली ती छिद्रं बुजवूनच. त्या नावाची गोष्ट अशी: 1949 च्या हिवाळ्यात आर्कान्सामधल्या ट्विस्ट गावी नाचघरात दोघे एका बाईवरून भांडले, ऊब यावी म्हणून पेटवलेला रॉकेलचा डबा लवंडला आणि आग लागली. जळत्या घरात हा आपली गिटार आणायला परत शिरला. त्या बाईचं नाव ल्युसिल, आणि असा वेडेपणा पुन्हा करायचा नाही याची आठवण म्हणून त्याने पुढच्या सगळ्या गिटारींना तेच नाव दिलं. मी फक्त फडकी कोंबली. ती फडकी म्हणजे संक्रांतीसाठी आणून ठेवलेले ब्लाऊजपीस होते हे नंतर कळलं, आणि वेडेपणा करण्यासाठी घराला आग लागावी लागत नाही हेही.

पण त्या रात्रीच्या बोंबेचं एका माणसाने मोल जाणलं. आमच्या शेताला लागून ज्यांचं शेत आहे ते काका. "बापू, थो आवाज पुन्हा काढता येते का?" मला वाटलं, अखेर रसिक भेटला. पण तोवर थंडी पडून काकांच्या हरभऱ्याला घाटे धरले होते. रोही कळपाने येत, मागून रानडुकरं. फटाके झाले, डबे बडवून झाले, जुन्या साड्यांचं कुंपण झालं. जनावरांना सगळं पाठ झालं होतं.

तेव्हा तीन फेजची लाइन रात्रीच यायची, पाणी द्यायला कोणी ना कोणी शेतात असायचंच. जागलीला मी, काका आणि मृदंगवाले आबा, ज्यांची पाण्याची पाळी त्याच रात्री होती. विजेची सोय फवारणी पंपाच्या बारा व्होल्टच्या बॅटरीतून केली आणि मोटारसायकलवर कांदे विकणाऱ्याचा भोंगा मागून आणला. त्याच्या माइकच्या भोकात गिटारची पिन बरोब्बर बसते. गिब्सनने हे कुठे छापलेलं नाही.

मध्यरात्र उलटल्यावर धुऱ्याकडून पालापाचोळा वाजला. काकांनी टॉर्च मारला, डोळे चमकले. मी ब्लाऊजपीस उपसून गिटार भोंग्यासमोर धरली. जो काही आवाज निघाला, त्याने डुकरं धुऱ्यावरून नाल्यात आणि नाल्यातून थेट जंगलाच्या दिशेने गेली. पिलंसुद्धा मागे राहिली नाहीत. काकांनी माझी पाठ थोपटली. आयुष्यात माझ्या वादनाला मिळालेली ती पहिली खरी दाद.

इथे थांबायला हवं होतं. पण श्रोते हाताशी, भोंगा तापलेला, आकाश स्वच्छ. मी फडकी परत कोंबली आणि एफमध्ये जॅझ-ब्लूज सुरू केला. मन लावून वाजवत होतो. थोड्या वेळाने टॉर्च फिरवला तर वीस पावलांवर एक भला थोरला रोही मान वर करून माझ्याकडे बघत उभा. मी हलक्या आवाजात म्हणालो, "आबा, ऐकून रायला."

"ऐकून नायी रायला," आबा म्हणाले, "चाऊन रायला."

मागे डुकरंही परत आली होती आणि निवांत जमीन उकरत होती. भीतीचा लवलेश नाही. काका काही बोलले नाहीत, फक्त भोंग्याकडे बघितलं.

आबा मात्र वेगळ्याच विचारात होते. अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरवत जप करावा तसे मोजत होते. "पुन्हा वाजव." वाजवलं. "तुहं एक पेर गहाळ होते." मग त्यांनी हात पुढे केला. चार बोटं, प्रत्येकाला तीन पेरं, एकूण बारा. बोटागणिक न मोजता ते आडवे मोजत होते. वरची ओळ चार पेरं, मधली चार, खालची चार. ब्लूजच्या बारा बारांची रचना नेमकी तशीच असते, चार-चार बारांच्या तीन ओळी. फोनवर मला हे कोणी दाखवलं नव्हतं, आणि आबांना ते ब्लूज आहे हे ठाऊक नव्हतं.

"मधल्या वळीत करंगळीवर तुहं मन चळते," आबा म्हणाले. "तिथून उडी मारतं न् खाली येऊन पडतं."

मधल्या ओळीतली करंगळी म्हणजे आठवा बार. साध्या ब्लूजमध्ये सातव्या-आठव्या बारात माणूस घरी स्वस्थ बसलेला असतो, एफ सेव्हनवर. जॅझवाले आठव्यात मुद्दाम डी सेव्हन घालतात, मग जी मायनर, मग सी सेव्हन, आणि असा वळसा घालून अकराव्यात घरी. तो डी सेव्हन मला नीट पकडता येत नसे, म्हणून मी घाईघाईने पुढच्या बारात जात असे. कोणाला कळणार, असा हिशेब होता. आबांनी रिकाम्या डब्यावर ठेका धरला, लग्गीसारखा तिनाच्या झोक्यात. शफल म्हणतात तो तोच. आठव्या पेरावर डोळे वटारून थांबले. पहिल्यांदाच मी बाराचे बारा पुरे केले. मग पुन्हा. वाफ्यातलं पाणी फुटून काकांच्या धुऱ्यावर गेलं ते आम्हाला पहाटे कळलं.

हरभरा किती गेला हे काकांनी सकाळी पावलांनी मोजलं आणि सौद्याला बसले. सोंगणीपर्यंत रात्री यायचं. भोंगा त्यांचा, बॅटरी माझी. "पण गाणं नायी पायजे," त्यांनी अट घातली, "फक्त थे पहिलेचं बोंबलनं. गाण्यानं जनावर जमते." मी स्वाभिमानाचा प्रश्न काढला. काकांनी एक कट्टा हरभरा काढला. स्वाभिमानाचा विषय तिथे मिटला. आबा मधेच म्हणाले की अर्धा कट्टा त्यांचा, साथीचा.

"बोंबलायला साथ कशाला?" मी विचारलं.

"मंग आठवं पेर कोन सांभाळन?" आबा म्हणाले आणि कट्ट्याचं तोंड सोडायला बसले.