नमुनेकाका

नमुनेकाकांसमोर 'सगळे' हा शब्द उच्चारायची सोय नाही. "हल्ली सगळी पोरं मोबाइलमध्येच असतात," असं आपण सहज बोलून जातो. काका चालता चालता थांबतात, चष्मा कपाळावर नेतात आणि विचारतात, "किती पोरं पाहिलीत?"

"अहो, सगळीच तशी."

"पाहिलीत किती?"

"आमच्या वरच्या मजल्यावरची दोन."

"दोन. आणि ती निवडली कशी?"

पोरं आपण निवडलेली नसतात, ती वरच्या मजल्यावर राहत असतात, एवढंच. पण तसं सांगितलं की आरोपीने गुन्हा कबूल केल्याचं समाधान काकांच्या चेहऱ्यावर पसरतं. "म्हणजे हाताला लागली ती घेतली," असं म्हणून ते पुढे चालू लागतात आणि आपला मोबाइलविषयीचा संताप जागच्या जागी विझतो.

अशी माणसं जिल्ह्याच्या ठिकाणी हमखास असतात. (पुरावा मागू नका. तो मागायला काका आहेत.) तरुणपणी सरकारच्या सांख्यिकी खात्यात अन्वेषक म्हणून लागायचं, तीसएक वर्षं खांद्याला पिशवी अडकवून लोकांच्या दारात उभं राहायचं, शेड्यूलं भरायची आणि निवृत्तीनंतर साताऱ्यात एखाद्या चोवीस फ्लॅटच्या सोसायटीत राहून उरलेल्या तेवीस कुटुंबांना छळायचं. बाकीचे लोक आकड्यांवर विश्वास ठेवतात, कारण ते छापलेले असतात. काका ठेवत नाहीत, कारण छापायच्या आधी ते त्यांनी पाहिलेले असतात. त्यातल्या त्यात त्यांचा भरवसा मोजदादीवर. महाराष्ट्राची लोकसंख्या विचारा, काका '११,२३,७४,३३३' असं शेवटच्या तिनापर्यंत सांगतात. "काका, ती २०११ ची झाली. आजची किती?" यावर त्यांचं उत्तर ठरलेलं आहे: "मोजल्यावर सांगेन." २०२१ ची जनगणना पुढे ढकलली गेली तेव्हा सोसायटीत त्याचं दुःख झालेला हा एकमेव गृहस्थ.

दारात उभं राहून काकांनी जी विद्या मिळवली ती मात्र खरोखर ऐकण्यासारखी आहे. उदाहरणार्थ, वय. खेड्यात वय विचारलं की माणूस शून्याकडे नाहीतर पाचाकडे झुकतो. "असंल की पन्नास." शेजारच्या घरातही पन्नास, त्याच्या पलीकडे पंचावन्न. एकोणपन्नास आणि एक्कावन्न वर्षांची माणसं जणू या देशात जन्मतच नाहीत. ही ओढ मोजायला व्हिपलचा निर्देशांक आहे. २३ ते ६२ वर्षांची माणसं घ्यायची. शून्य-पाचाचं कुणालाच आकर्षण नसेल तर निर्देशांक १००, सगळ्यांनीच शून्य-पाच सांगितलं तर ५००. पण निर्देशांक कार्यालयात बसून काढायचा असतो. दारात काका विचारायचे, "मावशी, कोयनेच्या भूकंपाला केवढ्या होता?" ११ डिसेंबर १९६७ ची ती पहाट सातारा जिल्ह्यात कुणी विसरलेलं नव्हतं. "भूकंपात थोरला पोटात होता, बघा." मग थोरला लग्नानंतर किती वर्षांनी झाला, बहात्तरच्या दुष्काळात मावशी खडी फोडायला जात होत्या की घरी होत्या, असं करत करत पन्नासाचे त्रेपन्न व्हायचे आणि काका पुढच्या दाराकडे वळायचे.

दुसरी विद्या पाण्याची. पान-तंबाखूचा खर्च पुरुषाला विचारायचा, तर बायको उंबऱ्यात असता कामा नये. काका त्या प्रश्नाच्या आधी हटकून म्हणत, "वहिनी, जरा पाणी मिळेल का?" वहिनी आत गेल्या की तंबाखूचा खर्च तिप्पट व्हायचा. सर्वेक्षणाच्या दिवसांत काका तांब्यांमागून तांबे पाणी प्यायचे आणि त्यांच्या शेड्यूलातला तंबाखूचा रकाना तालुक्यात सर्वांत खरा मानला जायचा.

तिसरी विद्या चुलीची, आणि ती थोडी महागात पडली. सर्वेक्षणात कुटुंब म्हणजे एका छताखाली राहून एका चुलीवर जेवणारी माणसं. रक्ताचं नातं विचारात नाही, चूल विचारात. एका वाड्यात दोन भाऊ होते. काकांनी नियमाप्रमाणे विचारलं, "चूल एक की दोन?" थोरला म्हणाला, "एक." धाकट्याची बायको म्हणाली, "आत्ता आहे एक." थोरलीने विचारलं, "म्हणजे काय गं?" काका सांगतात की ते पाच मिनिटांत तिथून निघाले. पुन्हा त्या वाड्यात गेले तेव्हा चुली दोन होत्या. प्रश्न विचारल्याने उत्तर बदलतं हे पुस्तकात असतं; काकांनी ते भांड्यांच्या वाटणीसकट पाहिलं.

व्याख्या एकदा अंगात भिनली की घरच्यांनाही सुटका नाही. मुलगा बंगळूरला नोकरीला. सहा महिन्यांपेक्षा जास्त काळ बाहेर राहणारा माणूस कुटुंबात धरत नाहीत. दिवाळीला तो आला आणि रेशनकार्डावरून काही विषय निघाला तेव्हा काका शांतपणे म्हणाले, "तू या कुटुंबाचा सदस्य नाहीस." मुलगा चिडला, सून हसली. काकू फराळाचं ताट घेऊन बाहेर आल्या. "अहो, वगळलेल्याला लाडू द्यायचा की नाही, तेवढं सांगा."

काकांचं दैवत एकच, पांडुरंग वासुदेव सुखात्मे. पांडुरंग म्हटल्यावर काकू हात जोडतात, काका खटाव तालुक्याकडे तोंड करतात. सुखात्मे तिथल्या बुधचे, जन्म १९११. पुढे ते जागतिक अन्न आणि कृषी संघटनेपर्यंत गेले, पण काकांना त्यांचं प्रेम पिकाच्या कापणीमुळे. १९४० च्या दशकात शेतांचं उत्पन्न नमुन्यावरून कसं काढायचं यावर मोठा वाद झाला. कोलकात्याचे महालनोबिस लहान तुकडे कापून घेण्याच्या बाजूचे. थोड्या खर्चात पुष्कळ शेतं होतात. सुखात्म्यांनी दाखवलं की फार लहान तुकडा उत्पन्न फुगवतो. कारण इतकं साधं आहे की ते सांगताना काकांचा आवाज खाली येतो. तुकड्याची दोरी आखली की काही ताटं नेमकी रेषेवर येतात. आत धरायची की बाहेर? विळा धरणारा हात भरलं कणीस सोडत नाही. तो आत ओढतो. लहान तुकड्याला क्षेत्राच्या मानाने कड जास्त, म्हणून रेषेवरची कणसं जास्त, म्हणून कागदावर सुबत्ता. "चोरी नाही हो," काका म्हणतात, "माया. पण सरकारला गोदामं मायेवर बांधता येत नाहीत."

हे ऐकल्यावर आपल्याला क्षणभर भारावल्यासारखं होतं. पण संध्याकाळी सोसायटीच्या अंगणात मुलं क्रिकेट खेळतात, चेंडू चुन्याच्या रेषेवर पडतो, काका बाकावरून उठून तिथे जाऊन वाकतात आणि डाव वीस मिनिटं थांबतो.

एका विषयावर मात्र त्यांना छेडू नये. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाची १९९९-२००० ची ५५ वी फेरी. "गेल्या तीस दिवसांत किती धान्य खाल्लं?" हा जुना प्रश्न. महिन्याचं कुणाला आठवतं, म्हणून "गेल्या सात दिवसांत?" असंही विचारायचं ठरलं. या फेरीत खाण्यापिण्याच्या वस्तूंसाठी दोन्ही प्रश्न ठेवले, आणि तेही शेजारशेजारच्या रकान्यांत. आता माणूस सात दिवसांचा आकडा सांगून बसला की तीस दिवसांचा त्याच्याशी जुळवूनच सांगणार. आपण खोटे पडू नये एवढी अक्कल प्रत्येकाला असते. पुढे हिशेब निघाला, गरिबी ३६ टक्क्यांवरून २६ वर आलेली. मग अर्थशास्त्रज्ञ कितीतरी वर्षं भांडले, की यातली किती विकासाने हटली आणि किती रकान्याने. काका ही हकीकत घरात मयत झाल्यासारखी सांगतात. "शेजारशेजारी छापायचे नव्हते हो," एवढंच शेवटी म्हणतात.

सोसायटीच्या वार्षिक सभेत काका म्हणजे कायमचा तेरावा विषय. सेक्रेटरींनी एकदा देखभाल खर्च वाढवण्याचा ठराव मांडला आणि ओघात म्हणाले की आपल्या सभासदांचं सरासरी उत्पन्न चांगलं आहे. काका खडू घेऊन उठले. "समजा, तेवीस घरांत महिना चाळीस हजार येतात आणि चोविसाव्या घरात वीस लाख." चोविसावं घर म्हणजे सर्वांत वरच्या मजल्यावरचे बिल्डर, ते सभेला येत नाहीत. "मध्य किती? सव्वा लाखाच्या थोडा अलीकडे. आता उतरत्या क्रमाने रांग लावा, मधोमध कोण? चाळीस हजार. तो मध्यक. सर्वांत जास्त वेळा काय येतं? चाळीस हजार. तो बहुलक. सेक्रेटरीसाहेब, तुम्ही वर्गणी बिल्डरकडे बघून लावताय आणि गोळा आमच्याकडून करताय. ते महिनाभर दुबईला गेले की आपण सगळे गरीब होतो का?" टाळ्या पडल्या. ठराव बारगळला. एवढ्या एका दिवशी नमुनेकाका सोसायटीचे लोकमान्य झाले होते. माझं प्रामाणिक मत असं, की दहावीच्या पुस्तकात मध्य, मध्यक आणि बहुलक शिकवताना बिल्डर घालावा.

लोकमान्यता कोजागरीपर्यंत टिकली. गच्चीवर दुधाबरोबर काय ठेवायचं यासाठी सेक्रेटरींनी व्हॉट्सॲपच्या गटावर मत मागवलं. प्रश्न असा: "पावभाजीच ठेवूया ना?" नऊ मतं आली, आठ पावभाजीला. काका खाली उतरले. पहिला आक्षेप प्रश्नाला: उत्तर आत कोंबलेलं आहे. दुसरा, नऊपैकी तीन मतं सेक्रेटरींच्याच घरची, त्यातला मुलगा पुण्याला हॉस्टेलवर असतो (सदस्य नाही). तिसरा, ज्यांनी मत दिलं नाही ते कोण? मग जिन्यातच १९३६ साल सुरू झालं. अमेरिकेत अध्यक्षपदाच्या निवडणुकीआधी 'लिटररी डायजेस्ट' नावाच्या साप्ताहिकाने एक कोटी मतपत्रिका टपालाने पाठवल्या; पत्ते मुख्यतः टेलिफोनवाल्यांचे आणि मोटारवाल्यांचे. जेमतेम चौथा हिस्सा परत आला. त्यावरून लँडन जिंकणार म्हणून छापलं. रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यं घेऊन गेले आणि दोन वर्षांत साप्ताहिक गेलं. "कुठलंही मत जास्त आलं म्हणून खरं होत नाही, सेक्रेटरीसाहेब." सेक्रेटरी म्हणाले, "काका, पावभाजी आहे."

काकांनी पाच फ्लॅटचा यादृच्छिक नमुना काढला. चिठ्ठ्या नाहीत; चिठ्ठ्या नीट मिसळत नाहीत असा त्यांचा अनुभव. त्यांच्याकडे टिपेटच्या सारणीच्या जुन्या झेरॉक्सचं एक पान आहे. टिपेटने १९२७ साली ४१,६०० अंक छापले, तेही जनगणना अहवालातल्या विलायती पॅरिशांच्या क्षेत्रफळांमधून उचलून. साताऱ्यातल्या कोजागरीला कुणाला विचारायचं, हे अशा रीतीने इंग्लंडातल्या जमिनींनी ठरवलं. एक घर दातांची कवळी हरवलेल्या आजींचं निघालं, एक बँकवाल्यांचं (त्यांनी माहिती गोपनीय राहील का हे आधी लेखी मागितलं) आणि एक कुलूपबंद. "शेजारच्यांना विचारा की," मी म्हटलं. काका दचकले. जे घर निघालं तेच. घरी सापडणाऱ्यांनाच विचारत गेलं की देशात सगळे म्हातारे आणि रिकामटेकडे आहेत असं दिसू लागतं. त्या कुलपासमोर काका इतक्या वेळा जाऊन उभे राहिले, की वॉचमनने रजिस्टरात त्यांची नोंद केली.

कुलूप उघडलं ते थेट कोजागरीच्या दुपारी. रात्री गच्चीवर काकांनी निकाल वाचला. "पावभाजी ६० टक्के. चूक कमी-जास्त ४३."

कुणीतरी गणित केलं. "म्हणजे सतरापासून एकशे तीन टक्क्यांपर्यंत? एकशे तीन टक्के माणसं पावभाजी कशी खातील?"

"तेच तर सांगतोय," काका म्हणाले. "पाच घरांना हे सूत्र लागूच पडत नाही. पूर्ण मोजणी करायला हवी. चोवीसही घरं. मला पंधरा दिवस द्या."

तवा तोवर तापला होता. सेक्रेटरींनी आचारी आठवड्यापूर्वीच सांगितलेला. काकांनी दोन प्लेट खाल्ल्या.

परवा कॉलेजातली एक मुलगी त्यांच्या दारात आली. प्रकल्पासाठी गोड खाण्याच्या सवयींचं सर्वेक्षण करत होती. गूगल फॉर्मची लिंक पाठवून मोकळी न होता जिने चढून आली, याचाच काकांना इतका आनंद झाला की त्यांनी मला शेजारून बोलावून घेतलं. तिला बसवलं, चहा पाजला, तिचे प्रश्न तपासले, दोन दुरुस्त केले. मग कोयनेचा भूकंप झाला, चूल झाली, वहिनींकडे मागितलेलं पाणी झालं. मुलगी वहीत भराभर लिहून घेत होती. मग तिने पेन सावरलं.

"काका, गेल्या सात दिवसांत गोड किती वेळा खाल्लंत?"

काकांना मधुमेह आहे. काकू खोलीच्या दारात उभ्या होत्या. "एकदाही नाही," काका म्हणाले.

मुलीने पेन टेकवलं नाही. ती काकूंकडे वळून म्हणाली, "काकू, जरा पाणी मिळेल का?"

काकू आत गेल्या. काकांनी तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि चार बोटं वर केली. "कंदी पेढे. चार."

"आठ!" स्वयंपाकघरातून आवाज आला. "डबा मी मोजते!"

मुलीने मान डोलावली आणि दोन्ही आकडे लिहून घेतले. काका ताडकन उठले.

"शेजारशेजारी नको!"