मोहरीएवढी फुली

साखरा गावातल्या माणसाने हळदीचा भाव बघायला मोबाईल उघडला, की आधी दिसतो ट्रॅक्टर. ट्रॅक्टरमागे भाव, भावावर गुडघ्याच्या तेलाची बाटली आणि बाटलीच्या कोपऱ्यात जाहिरात बंद करायची मोहरीएवढी फुली. बोटाला नीट सापडावे म्हणून बटण साधारण नऊ मिलिमीटरचे असावे, हे मोबाईलचे पडदे आखणाऱ्यांचेच माप. 'आता खरेदी करा' हे बटण त्या मापाला जागते. फुलीपाशी आले की फूटपट्टी हरवते. का हरवणार नाही? पैसे क्लिकमागे मिळतात आणि चुकलेला अंगठाही क्लिकच धरला जातो. फुली केवढी ठेवायची हे ठरवणार तोच, ज्याला ती चुकली की पैसे मिळतात. बरे, यात नुसता वाचकच नागवला जात नाही. घसरलेल्या अंगठ्याचे बिल ट्रॅक्टरवाल्यालाही येते.

उतारा म्हणून जाहिरात ब्लॉकर बसवावा, तर तो राहतो ब्राउझरच्या अंगणात. ब्राउझर जाहिराती विकणाऱ्याचाच असला, तर अंगणाचे नियम कोण लिहिणार? नियम बदलतात, ब्लॉकर लंगडा होतो आणि कारण दिले जाते, 'तुमच्या सुरक्षेसाठी'. काही ब्लॉकर तर जाहिरातदारांकडून पैसे घेऊन 'सभ्य' जाहिरातींना वाट देतात. म्हणजे राखणदारानेच रानडुकरांकडून हप्ता बांधून घेतला. जाहिरातींच्या जागांच्या ऑनलाइन लिलावात तर विकणाऱ्याचा अडत्या, घेणाऱ्याचा अडत्या आणि मापाडी एकाच घरचे असू शकतात. मोंढ्यात हे उघड झाले असते तर लिलाव बंद पडला असता! महाराष्ट्रात 2016 मध्ये फळे-भाजीपाल्याची अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायचे ठरले, तेव्हा केवढा गदारोळ झाला. इथे अडत कुणाच्या खिशातून जाते, हेच कुणी विचारत नाही.

जाहिरातीशिवाय फुकट बातमी कुठून येणार, असे विचारले जाते. प्रश्न रास्त आहे. हे सदरही जाहिरातीच्या शेजारीच छापले जाते. पण ती शेजारीण तुमच्या डोळ्यांवर हात ठेवत नाही, काल तुम्ही काय वाचले ते बाटलीवाल्याच्या कानात सांगत नाही. आणि फुकट कशाला म्हणायचे? व्हिडिओ जाहिरात उतरते ती साखऱ्यातल्या माणसाने पैसे मोजून घेतलेल्या डेटातून. पाहुणा यजमानाच्या घरी जेवतो आणि वर हात धुवायला लागलेल्या वेळाचा मोबदला मागतो. हे कुणालाच दिसले नाही असे नाही; नोव्हेंबर 2023 मध्ये देशात पडद्यावरच्या 13 फसव्या रचनांची यादी जाहीर झाली. वेष पालटून आलेली जाहिरात तीत आहे. फुली दाबल्यावर दुसरीच जाहिरात उघडणे, तेही आहे. मोहरीचे माप तेवढे लिहायचे राहिले.