आत्याबाई, महादेव आणि भिंगाचे छिद्र

विजय नगरातल्या कचनार सिटीत ७६ फूट उंचीच्या महादेवासमोर आपल्या वयोवृद्ध आत्याबाईंना उभे करून त्यांचे छायाचित्र घेऊ इच्छिणाऱ्या होतकरू इसमाने, कॅमेऱ्यास हात लावण्यापूर्वी, खालील कलमे मुखोद्गत करावीत; प्रस्तुत लेखकाने ती केली नव्हती.

कलम पहिले. एफचा आकडा जितका मोठा, तितके भिंगाचे छिद्र लहान. हा न्याय उफराटा वाटला तरी त्यात कारकुनी खोडसाळपणा नाही. भिंगाच्या नाभीय अंतराला त्या आकड्याने भागावयाचे असते, म्हणून पन्नास मिलिमीटरच्या भिंगाचे छिद्र एफ १.८ वर सुमारे २८ मिलिमीटर, तर एफ १६ वर जेमतेम ३ भरते.

कलम दुसरे. ज्याने घरच्यांपासून किंमत लपवून १.८ चे भिंग खरेदी केले आहे, त्यास पार्श्वभूमी वितळवल्यावाचून अन्न गोड लागत नाही, हे मी स्वानुभवाने जाणतो. आत्याबाई मुद्दाम नथ आणि मोत्यांच्या कुड्या घालून आल्या होत्या. मी त्यांना दीड मीटरवर उभे करून नथीवर नेम धरला. आणि एवढ्या अंतरावर स्पष्टतेची हद्द अवघी दहा सेंटिमीटरांची, त्यातही निम्मी नथीच्या अलीकडे वाया गेलेली, असल्यामुळे नथीचा मोती न् मोती रुजू झाला, कुड्या फरारी झाल्या, आणि महादेवांचा तर बंदोबस्तच झाला. आत्याबाईंनी चष्मा पुसून फोटो पाहिला.

"छान आलाय हो. पण मागे ही पाण्याची टाकी कशाला घेतलीस? आणि भोलेनाथ कुठे गेले?"

कलम तिसरे. मोबाईलच्या पार्श्वभूमी वितळवण्याच्या करामतीवर विसंबू नये. तो पार्श्वभूमीबरोबर पदराचा काठही पुसतो.

कलम चौथे. छिद्र एफ १६ वर आणावे, नेम सव्वापाच मीटरांवर धरावा. पस्तीस मिलिमीटर चौकटीच्या कॅमेऱ्यावर पावणेतीन मीटरांपासून अनंतापर्यंत सारे स्पष्ट येते. आत्याबाईंना तीन मीटरांवर आणि मूर्तीपासून चांगले चाळीस मीटर अलीकडे उभे करावे, म्हणजे उभ्या चौकटीत दोघेही मावतात. १.८ च्या मानाने प्रकाश सुमारे ऐंशीपट घटतो, सबब भर उन्हातच जावे: आयएसओ १००, एक शतांश सेकंद. सायंकाळी गेल्यास आयएसओ वाढवावा, कारण तिपाई घेऊन उपयोग नाही. आत्याबाईंना "हलू नका" असे आजवर कोणी सांगितलेले नाही. २२ चा लोभही धरू नये, विवर्तनाने सगळेच मऊ पडते.

दुसऱ्या खेपेचा फोटो आत्याबाईंनी चौकट करून देवघरात लावला आहे. त्यात नथ, कुड्या, जटेतला चंद्र, सारे लख्ख आहे. आणि महादेवांच्या गुडघ्यापाशी नाक कोरीत उभा असलेला एक अपरिचित गृहस्थही तितकाच लख्ख आहे, ज्याला रोज सकाळी हळदकुंकू लागते.