कुपाटीवरून येणारा सल्ला

आरमोरीत निवृत्त झालेल्या माणसापुढे दोन वाटा असतात. आवाज खणखणीत असेल तर त्याने झाडीपट्टीच्या नाटकात शिरावं. वडसा जवळच आहे, आणि दिवाळी सरली की नाटक कंपन्यांना गरीब बापाचं काम करणारी माणसं लागतातच. आवाज बेताचा असेल तर त्याने सांदवाडीत शिरावं. घरामागच्या या जागेत विहीर, तणसाचा ढीग, पपईचं झाड, मोडकी सायकल आणि 'कधीतरी कामी येईल' म्हणून ठेवलेल्या सगळ्या वस्तू सुखाने नांदत असतात. उभा जन्म खडू नाही तर शिक्का धरलेला माणूस एका सकाळी इथे कोयता हाती घेतो, आणि घरातली बाई न बोलता हळदीचा डबा हाताशी आणून ठेवते.

सांदवाडीचं पंचांग ठरलेलं आहे. मृगाच्या आधी कवेलू फेरायचे. कवेलूचं छप्पर माणसाने पावसासाठी शोधलं असेल, पण त्याचा पुरेपूर उपयोग आमच्याकडे वानरं करतात. चिंचेवरून छपरावर, छपरावरून शेजाऱ्याच्या मांडवावर हा त्यांचा रोजचा रस्ता. पाऊस लागला की वेल चढवायचे. पोळा आला की तान्ह्या पोळ्यासाठी नातवाच्या लाकडी बैलाला चाकं ठोकायची. ती चारही एकाच वेळी फिरली तर तो योग समजायचा. थंडीत खाट विणायची. हे काम एकट्याने होतं, पण तसं कोणी करत नाही, कारण दुसऱ्याने सुतळी ओढून धरल्याशिवाय गावातल्या बातम्या पुढे सरकत नाहीत. होळी झाली की कूलर बाहेर निघतो. ब्रह्मपुरी पलीकडेच आहे, आणि उन्हाळ्यात तापमानाच्या बातम्यांत तिचं नाव वरच्या रांगेत असतं. पारा पंचेचाळीसला टेकला की तिकडचे पाहुणे असं सांगतात, जणू पोराचा बोर्डात नंबर आला. मग ताट्या बदला, पंप साफ करा, टाकीला डांबर लावा. कूलर कोरड्या हवेत पाण्याची वाफ करून गारवा देतो; म्हणजे सगळी दुरुस्ती आटोपून तो नीट चालू लागेपर्यंत जून येतो, हवा दमट होते आणि त्याचं काम संपतं.

पण सांदवाडीचा खरा उत्सव म्हणजे मांडव. दोडकी, बरबटी, सेमीच्या शेंगा यांना चढायला काही तरी हवं. शहरात या हौसेला डीआयवाय म्हणतात. त्याची पेटी मिळते. तिच्यात मोजून स्क्रू असतात आणि चित्रातला माणूस एकटाच हसत असतो. आरमोरीत एकट्याने काही करणं जमतच नाही. पहिली बल्ली गाडून होत नाही तोच कुपाटीपलीकडून, म्हणजे काट्याकुट्यांच्या कुंपणापलीकडून, आवाज येतो.

"गुरुजी, थे बल्ली उलटी गाडली जी तुमी. बुडखा वर गेला ना."

सल्ला देणारे काकाजी शेतावर निघालेले असतात. ते थांबतात, सायकल कुपाटीला टेकवतात. बांबू कधी तोडला, अंधाऱ्या पक्षात की उजेडात, याची चौकशी होते. बोडीच्या पाण्यात भिजत घातला होता का, हेही विचारतात. नव्हता हे कळल्यावर, आजारी माणसाकडे बघावं तसं त्या बांबूकडे बघतात. हसण्यावारी नेण्यासारखं हे ज्ञान नाही. बांबूत पिठूळ साखर असते आणि घुणकिडा तिच्यासाठीच येतो. काही आठवडे पाण्यात ठेवलं की ती विरघळून जाते आणि बांबू टिकतो. काकाजी स्टार्च हा शब्द वापरत नाहीत. ते म्हणतात, "त्याची गोडी निंगून जाते." तोवर आणखी दोघं जमलेले असतात. एकाच्या मते गाठ चुकली आहे, दुसऱ्याच्या मते जागाच. मांडव शेवटी उभा राहतो तो तिघांच्या हातांनी. गुरुजींच्या वाट्याला चहा सांगण्याचं काम येतं, आणि संध्याकाळी घरी येणाऱ्या प्रत्येकाला ते सांगतात, "मी बांधला."

ज्या बांबूवर ही हौस चालते त्याची सरकारदरबारची कहाणीही कमी मजेची नाही. वनस्पतिशास्त्रात बांबू म्हणजे गवत. १९२७च्या भारतीय वन कायद्याने मात्र त्याला झाडांत बसवलं. म्हणजे एखाद्याच्या परसातलं बेट कागदोपत्री वृक्षराजी, आणि चार बांबू तोडून दुसऱ्या गावी न्यायचे तर परवान्याची भानगड. जंगलाबाहेर वाढलेल्या बांबूला यातून सोडवायला २०१७ साल उजाडलं. त्याआधी २०११मध्ये आमच्याच गडचिरोली जिल्ह्यातल्या, धानोरा तालुक्यातल्या लेखा-मेंढाच्या ग्रामसभेला वनहक्क कायद्याखाली आपला बांबू स्वतः विकण्याचा, त्याचा वाहतूक परवाना स्वतः देण्याचा अधिकार मिळाला. तो द्यायला दिल्लीहून केंद्रीय मंत्री जयराम रमेश आले होते. कायद्यापलीकडे बांबू हा कोणाच्या तरी पोटाचाही विषय आहे. आपण मांडव बांधताना बांबूची कमची चिरतो तेव्हा अंगठा वाचला की आनंद होतो. बांबूकाम करणारी बुरड बाई तीच कमची बोलता बोलता चिरते, खाली न बघता, आणि त्यावर तिचं घर चालतं. आपली हौस ही तिची मजुरी आहे, एवढं ध्यानात असलं की 'मी बांधला' हे वाक्य जरा हळू आवाजात निघतं.

माणसाला स्वतः केलेली वस्तू एवढी का आवडते, याचाही अभ्यास झाला आहे. अमेरिकेतल्या तीन संशोधकांनी लोकांना कागदाचे बगळे आणि बेडूक करायला लावले, पेट्या जोडायला लावल्या आणि २०१२ साली निष्कर्ष छापला: नवशिक्याला आपला वाकडा बेडूक जवळजवळ उस्तादाच्या बेडकाइतका मोलाचा वाटतो, आणि इतरांनाही तो तसाच वाटेल अशी त्याची खात्री असते. फर्निचरच्या एका स्वीडिश कंपनीवरून त्यांनी याला 'आयकिया इफेक्ट' असं नाव दिलं. इथवर आमच्या गुरुजींचंच वर्णन आहे. पुढे ते म्हणतात की काम अर्धवट राहिलं तर ही माया आटते. आरमोरीपुरतं हे मला मान्य नाही. इथे सर्वांत जास्त जीव अर्धवट कामावरच असतो. पुऱ्या झालेल्या मांडवाकडे नुसत्या शेंगा तोडायला जातात. अपुऱ्या मांडवाखाली खुर्ची टाकून बसता येतं, विचार करता येतो, आणि काकाजींना थांबायला कारण मिळतं. घरचा हिशोब वेगळा असतो. "बजारात बरबटी एवढी महाग हाय का?" असा प्रश्न स्वयंपाकघरातून येतो, आणि त्याचं उत्तर कोणत्याही संशोधनात नाही.

हल्ली आमच्याकडेही कुपाटी काढून विटांचं वॉल कंपाऊंड बांधायची चाल आली आहे. वानरं त्यावरून येतात, बिबट्याचं नाव निघालं की ते आपलं बरं वाटतं, आणि घराला शोभाही येते. फक्त सल्ला आत यायचा थांबतो. मग मांडव कसा बांधावा हे मोबाईलवर बघावं लागतं. तिथला माणूस नीट शिकवतो, पुन्हा पुन्हा शिकवतो, कधी वैतागत नाही. पण तुमची बल्ली उलटी गाडली गेली आहे हे त्याला दिसत नाही, आणि चहालाही तो थांबत नाही. म्हणून ज्यांना भिंत बांधायचीच आहे त्यांना माझं एवढंच सांगणं: ती छातीच्या वर नेऊ नका. सायकल टेकवून माणसाला कोपर ठेवता आलं पाहिजे.