मनगटावरचा मुनीम

नागपुरात सकाळी फिरायला निघालेल्या माणसाला पूर्वी लोक ‘काय म्हणता, बरं आहे ना?’ असं विचारत. आता ‘किती झाले?’ विचारतात. सिव्हिल लाइन्सचा वॉकर्स स्ट्रीट असो, अंबाझरीचा काठ असो की सेमिनरी हिल्सचा चढ, समोरून येणारा गृहस्थ आपल्या मनगटाकडे पाहत पाहत थेट आपल्या अंगावर येतो. आमच्या थोरल्या साडूंची दहा हजार पावलांना शंभर कमी पडली, तर ते घरात शिरत नाहीत. फाटकाशीच येरझारा घालतात. शेजारच्या काकू एकदा वरून ओरडल्या, “काय शोधून राहिले हो भाऊ? किल्ली हरवली का?”

हा मनगटावरचा मुनीम, म्हणजे स्मार्ट घड्याळ, पावलं बऱ्यापैकी मोजतो. त्याच्या पोटात हालचाल ओळखणारी इवलीशी चिप असते. हात चालण्याच्या लयीत हलला की तो वहीत एक पाऊल मांडतो. पायाशी त्याची ओळखच नाही. त्यामुळे भजनी मंडळात टाळ कुटणारे काकाजी सतरंजीवर मांडी घालून मैलभर चालून येतात, आणि गोकुळपेठ बाजारातून दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या घेऊन आलेली माझी बायको मुनिमाच्या लेखी जागची हललेलीच नसते.

“माझं चालणं काहून धरत नाही हे?” तिने विचारलं.

“हात हलवत जा ना.”

“मग पिशव्या तुम्ही धरा.”

या विषयावर पुढे तांत्रिक चर्चा झाली नाही.

नाडीचंही ठीक आहे. घड्याळाच्या पोटाखाली लुकलुकणाऱ्या हिरव्या दिव्याचा उजेड कातडीत शिरतो. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेतं, त्यामुळे परत येणारा उजेड प्रत्येक ठोक्याला कमीजास्त होतो आणि त्यावरून ठोके मोजले जातात. पट्टा सैल नसला की काम भागतं. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाने २०१७ साली असली सात यंत्रं ६० जणांच्या हातांवर बांधून पाहिली. सातांपैकी सहांची नाडी पाच टक्क्यांच्या आत बरोबर निघाली. कॅलरीत मात्र सगळे नापास. त्यातलं सर्वांत शहाणं यंत्र सरासरी २७ टक्क्यांनी चुकलं आणि सर्वांत दिवटं ९३ टक्क्यांनी.

चुकणारच. शरीराने किती ऊर्जा जाळली हे नीट मोजायचं तर तोंडाला मुखवटा बांधून, आत घेतलेला प्राणवायू आणि बाहेर टाकलेला कार्बन डायऑक्साइड मोजावा लागतो. घड्याळाला आपला श्वास दिसत नाही. त्याला दिसतात हालचाल आणि ठोके; वय, उंची, वजन आपण सांगू ते. बाकी सगळं सूत्र. वजन वाढवून सांगितलं की त्याच चालण्यात कॅलरी जास्तीच्या जळतात, हा शोध साडूंना लागला त्या दिवशी त्यांनी फोनमध्ये बसल्या बसल्या दहा किलो वजन वाढवलं. इतक्या आनंदाने वजन वाढवणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

त्यात आमचा मे महिना. पारा पंचेचाळीसला टेकला की अंग गार ठेवायला हृदय कातडीकडे जास्त रक्त ढकलतं आणि नाडी उगाचच धावते. मुनिमाला वाटतं, मालक कसरत करून राहिले. कूलरमध्ये पाणी भरून आलेल्या माणसाच्या खात्यात तो डोंगर चढल्याचे पैसे जमा करतो. नागपूरच्या उन्हाचा असा उपयोग आजवर कोणाला सुचला नव्हता.

मोजणीचं वेड तसं आमच्या भागाला जुनंच. हिंदुस्थानची त्रिकोणमितीय मोजणी सुरू करणारा विल्यम लॅम्ब्टन १८२३ साली नागपूरच्या वाटेवर हिंगणघाटला वारला. त्याच मोजणीचा १९०७चा दगड आमच्या झीरो माइलला उभा आहे. लॅम्ब्टननंतर ही मोजणी करणाऱ्या खात्याने नैनसिंग रावत यांना सारख्या मापाची पावलं टाकायला शिकवून गुपचूप तिबेटात धाडलं. हातातल्या जपमाळेत १०८ ऐवजी १०० मणी. शंभर पावलं झाली की एक मणी पुढे. डोंगर-दऱ्यांतून अशी पावलं मोजत हा माणूस १८६६ साली ल्हासाला पोचला. ना चार्जिंग, ना हिरवा दिवा, तरी त्यांच्या मोजणीवरून नकाशे झाले. कारण सोपं आहे. नैनसिंगांना ल्हासाचं अंतर हवं होतं. आम्हांला पोह्यांची परवानगी हवी असते.

फिरणं संपतं तिथेच तर्रीपोह्यांचा ठेला सुरू होतो. मनगटावर ‘चारशे’ दिसले की साडू निर्मळ मनाने म्हणतात, “भाऊ, तर्री जास्तीची मार!” मी एकदा हिशेब मांडून पाहिला. सत्तर किलोचा माणूस तासाभरात पाच किलोमीटर चालला तर अडीचशेच्या आसपास कॅलरी जळतात. त्यातल्या सत्तरेक तो घरी लोळत पडला असता तरी जळाल्याच असत्या. उरल्या एकशेऐंशी. मोठा चमचाभर तेल म्हणजे एकशेवीस. म्हणजे पहाटे उठून, बूट घालून, कुत्री चुकवून केलेली निव्वळ कमाई दीड चमचा तेल. तेवढं तर तर्रीच्या वरच तरंगत असतं.

हे साडूंना सांगितलं. त्यांनी शांतपणे प्लेट पुढे केली आणि म्हणाले, “तुमचं बरोबर असंल. पण घड्याळ सात हजाराचं आहे.”

त्यावर उत्तर नाही. कालच्यापेक्षा आज जास्त चाललो का, एवढं विचारायला तो मुनीम पुरेसा आहे; तो चुकला तरी दोन्ही दिवस साधारण सारखाच चुकतो. कॅलरीचा आकडा मात्र तो फुगलेला असला तरच आपण मानतो. हेच घड्याळ शंभर जाळल्यावर पन्नास दाखवत असतं, तर सीताबर्डीच्या दुकानांपुढे ते परत करणाऱ्यांची रांग लागली असती. उद्या खरा आकडा सांगणारं घड्याळ बाजारात आलंच, तर दोहोंपैकी एक धंदा बसेल: त्या घड्याळाचा, नाहीतर तर्रीपोह्यांचा. नागपूरचा माणूस म्हणून निकाल मी आजच सांगू शकतो.