आल्प्सवाले नाना

शिरूर तालुक्यात हल्ली परदेश बघून आलेल्या आईबापांचं पीक जोमात आहे. पोरगा इंजिनिअर होतो, कंपनी त्याला जर्मनीला धाडते, आणि वर्षा-दोन वर्षांत घरच्यांचे पासपोर्ट निघतात. दुबई-सिंगापूरवाल्यांना तर आता पारावर कुणी सरकून जागाही देत नाही. पण पायाला फळ्या बांधून आल्प्सवरून घसरून आलेला माणूस विरळा. केंदूरमध्ये तो मान नानांचा.

कान्हूराज पाठकांच्या देवळाकडं संध्याकाळी टेकलेल्या मंडळींत नाना लांबून ओळखू येतात. डोक्यावर पांढरी टोपी, खाली धोतर, आणि मार्च उजाडला तरी अंगात केशरी रंगाचं फुगीर जाकीट. जाकिटाच्या आतल्या खिशात लिफ्टचं कार्ड. गावात नवा माणूस आला, की ते बाहेर निघतं.

विषय कुठलाही काढा, नाना तिसऱ्या वाक्याला तीन हजार मीटरवर पोचतात. शिक्रापूरची एसटी चुकली असं कुणी म्हणायचा अवकाश. "आरं, तिकडं एंगेलबर्गला केबिन पाच मिन्टांत वर नेती. वर जाता जाता सोताभोवती एक गिरकी बी घेती. 1992 पासनं चालू हाय!" कुणी उंची विचारली तर हिशेब तयार असतो. "तिथला टिटलिस डोंगर 3,238 मीटर, आपली कळसूबाई 1,646. कळसूबाईवर कळसूबाई ठेव, वरनं थोडी तास, झालं टिटलिस."

शाहरुख-काजोलचा तिथला पुठ्ठ्याचा पुतळाही त्यांच्या मोबाईलमध्ये आहे. बाकीचे लोक शेजारी उभे राहून फोटो काढतात. नाना दोघांच्या मधोमध उभे आहेत. "लग्नाआधी एवढं चिकटून उभं राहायचं नसतं," हे त्यावरचं त्यांचं स्पष्टीकरण.

त्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सत्तर टक्क्यांवर येतो. चार पावलांत धाप लागते. नाना रंगवून सांगतात, "पार बोलतीच बंद झाली राव!" आतून नानी म्हणतात, "तेवढा येळ लई बरा गेला."

स्कीइंगच्या गोष्टीत मात्र नाना जरा भरभर पुढं सरकतात. बूट कडक प्लॅस्टिकचे, नडगीपर्यंत बकलांनी आवळलेले. घातले की माणूस गुडघ्यात वाकतो आणि तसाच राहतो. "सोसायटीच्या साहेबापुढं कर्ज मागायला उभं राहिल्यागत!" शिकवणाऱ्या पोरीनं सांगितलं, फळ्यांची टोकं जवळ आणा, टाचा लांब करा, म्हणजे वेग कमी होतो. नानांनी नेमकं उलटं केलं. फळ्या दोन दिशांना गेल्या, नाना तिसऱ्या. पुढचं ते सांगत नाहीत. नातवानं काढलेला व्हिडिओ सांगतो. त्याच व्हिडिओत मागून नऊवारीवर जाकीट चढवलेल्या नानी नवशिक्यांच्या उतारावरून संथ, सरळ, न पडता खाली येतात आणि चौकटीबाहेर निघून जातात. "त्यात काय?" नानी म्हणतात. "डोक्यावर दोन हंडे घेऊन ढेकळातनं पाणी आणलंय जल्मभर. हितं तर डोकं मोकळं होतं."

खरी मेख इथंच आहे. नानांनी आल्प्स पाहिला तो टँकरची वाट बघितलेल्या डोळ्यांनी. दरीभर पांढरं बघून सूनबाई म्हणाली, "किती सुंदर!" नाना म्हणाले, "किती टीएमसी?" दहा सेंटिमीटर ताजा बर्फ वितळला तर जेमतेम एक सेंटिमीटर पाणी, असं पोरानं सांगितल्यावर ते खट्टू झाले. पण बर्फाच्या तोफा पाहिल्यावर त्यांची झोपच उडाली. तळ्यात पाणी साठवायचं, पंपानं डोंगरावर चढवायचं, थंडीत बारीक फवारायचं. त्याचा बर्फ होतो. "आणि मग करत्यात काय त्याचं?" नाना विचारतात, आणि उत्तरही आपणच देतात, "घसरत्यात!" उपसा सिंचनासाठी अर्ज करून करून चपला झिजवलेल्या माणसाला हे पचायला जड जातं.

उन्हाळ्यात बर्फ वितळू नये म्हणून तिथले लोक हिमनदीवर पांढरी कापडं अंथरतात, हे कळल्यापासून तर नाना पेटलेत. आपल्या शेततळ्यांवरही सावलीचं कापड टाका, वाफ होऊन जाणारं पाणी वाचंल, असं त्यांनी ग्रामसभेत उभं राहून मांडलं. सभा हसली. एक जण म्हणाला, "नाना, आधी तळ्यात पाणी येऊ द्या, मग गोधडी घालू." थिटेवाडीच्या धरणाचा तळ दिसत असताना हे खोडणं नानांना जमलं नाही. ते खाली बसले. पण जाकीट काही काढलं नाही.

परवा कुणीतरी चिडवलं, "काय नाना, परत जाणार का घसरायला?"

"जायाचं की," नाना गंभीरपणे म्हणाले. "पण बर्फ वितळल्यावर. येवढं पाणी खाली कुनाच्या शिवारात जातंय, ते बघायचं राहिलंय."